टपरी, सुटी सिगारेट आणि उपनगर

हिंदुस्थानातल्या तंबाखूचा इतिहास सांगायचा तर असद बेगचं नाव घ्यावंच लागतं. अकबराने त्याला विजापूरला, आदिलशाही दरबारात पाठवलं होतं. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि परत जाताना तिचा साठा आणि एक रत्नजडित हुक्का सोबत नेला. साल १६०४-०५ च्या आसपासचं. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने हरकत घेतली की या नव्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेलं नाही. हा किस्सा बहुतेकांनी वाचलेला असतो. असद बेग त्यानंतर जे लिहितो त्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. त्याने अमीर-उमरावांना तंबाखू वाटली, मग ती सगळ्यांनाच हवीशी झाली, मग व्यापारी ती विकू लागले आणि ओढण्याची चाल झपाट्याने पसरली. अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही.

म्हणजे आधी फुकट वाटप, मग दुकान आणि मग सवय. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं, पण तोवर दुकानं थाटली गेली होती. फर्मान कागदावर राहिलं.

दुकान जवळ आहे म्हणून माणूस ओढतो, की ओढणारे तिथे आहेत म्हणून दुकान येतं? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, अंधेरी पूर्वेला भेटला. मी तिथेच वाढलो. या भागाचा तंबाखूशी संबंध नुसत्या टपऱ्यांपुरता नव्हता. पूर्वेला चकाल्यात गॉडफ्रे फिलिप्सचा सिगारेटचा कारखाना होता आणि रुळांपलीकडे, विलेपार्ले पश्चिमेला एस. व्ही. रोडवर गोल्डन टोबॅकोचा. पनामा सिगारेट ही त्यांचीच. सिगारेटी बनायच्या बंद झाल्या तरी ‘गोल्डन टोबॅको’ हा पत्ता सांगायला उपयोगी पडत राहिला.

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. मधल्या खेड्यांत आणि खाजणांत चाळी, कारखाने आणि झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. मरोळची औद्योगिक वसाहत झाली, घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने आले. पान-विडीची टपरी कुठे आली हे पाहायचं असेल तर माणूस कुठे थांबतो ते पाहावं. कारखान्याचं गेट, बसथांबा, रिक्षा स्टँड, स्टेशनबाहेरचा पूल, मजूर सकाळी उभे राहतात तो नाका. टपरीला चार फूट जागा पुरते आणि भांडवल थोडं लागतं. उत्तर प्रदेशातून आलेल्या किती कुटुंबांनी, विशेषतः चौरसिया मंडळींनी, त्या चार फुटांवर संसार उभा केला. म्हणून टपरीवाल्याला खलनायक ठरवणं मला जमत नाही.

माझे अब्बा कारखान्यात होते. गेटसमोरच्या टपरीत त्यांची उधारीची वही होती. दिवसाला सहा-सात सिगारेटी, पण पाकीट त्यांनी कधी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. एक सिगारेट मागायची, टपरीच्या खांबाला लटकणाऱ्या पेटत्या सुतळीवर शिलगावायची आणि निघायचं. माचिसचाही खर्च नाही. हिशेब पगाराच्या दिवशी.

जवळ दुकान असणं म्हणजे काय, हे त्या सुतळीत आणि वहीत आहे. नुसतं अंतर मोजून ते कळत नाही. तलफ आणि हात यांच्यात काहीच आड येत नाही, ना पैसे, ना पाकीट, ना विचार करायला लागणारी दोन मिनिटं. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र आलं. पण जो एकेक सिगारेट घेतो त्याच्या हातात पाकीट येतच नाही. पाकीट टपरीवाल्यापाशी, म्हणजे ते भयंकर चित्र दिवसभर बघतो तो एकटा टपरीवाला. कर वाढला की पाकीट डोळ्यांत भरेल इतकं महागतं, सुटी सिगारेट मात्र रुपया-दोन रुपयांनी. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने, आणि ते कारण बरोबर होतं. आता संध्याकाळी अंधेरी, घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनबाहेर उभं राहून पाहा. सुटी सिगारेट मिळते.

आता दुसरी बाजू. टपऱ्या मोजल्या आणि ओढणारे मोजले की सरळ उत्तर हाती येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीत भारतात १०.७ टक्के प्रौढ ओढणारे निघाले आणि महाराष्ट्रात फक्त ३.८ टक्के. पावलोपावली टपरी असलेल्या राज्यात ओढणारे इतके कमी कसे? कारण त्याच पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. चुना-तंबाखू, खैनी, मशेरी, आणि २०१२ ची बंदी असूनही गुटखा. कापसाच्या गिरणीत ठिणगी चालत नव्हती, लोकलच्या डब्यात धूर चालत नाही, तळहातावर मळलेली तंबाखू मात्र कुठेही चालते. बाईने रस्त्यावर सिगारेट ओढली तर चार लोक वळून बघतील, पहाटे मशेरी लावली तर कुणी विचारणार नाही. माझी नानी लावायची, आणि तिला आम्ही कधी व्यसनी म्हटलं नाही. टपरी एकच, तिथून निघणाऱ्या वाटा दोन. नुसता धूर मोजणारा अभ्यासक मुंबईत फसतो.

शिवाय उपनगरं मोजणीतून सुटत आली आहेत. १८५७ चा तंबाखूवरच्या जकातीचा कायदा होता तो ‘टाउन ऑफ बॉम्बे’पुरता. १९९० च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी हातात मावणारे संगणक घेऊन ९९,५९८ मुंबईकरांची तंबाखूबद्दल पाहणी केली. मतदारयाद्यांवरून घरोघरी जाऊन केलेलं ते प्रचंड काम आहे. पुढे त्याच मालिकेतून विडी ओढणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांहूनही जास्त दिसलं, आणि ‘विडी साधी, गरिबाची’ ही समजूत मोडली. पण तीही पाहणी मूळ शहरातली होती. माहीमची खाडी ओलांडली की आकडे विरळ होतात.

शाळांभोवतीच्या टपऱ्यांचा मुंबईत अभ्यास झाला आहे आणि त्यातून विक्री-जाहिराती हटवण्याच्या बाजूचाच पुरावा मिळाला. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला मनाई आहेच. पण उपनगरातल्या दाट वस्तीत प्रत्येक शाळेभोवती शंभर यार्डांचं वर्तुळ काढलं तर वर्तुळं एकमेकांत शिरतात. बाहेर उरणाऱ्या जागेत टपरीवाला, भाजीवाला आणि रिक्षावाला सगळे मावणार कसे, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

न्यूझीलंडने २०२२ मध्ये देशभरची तंबाखूची दुकानं सहाशेवर आणायचा कायदा केला आणि २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्दही केला. त्यांच्याकडे निदान मोजायला दुकानं होती. आपल्याकडे हातगाडी संध्याकाळी दुसऱ्या नाक्यावर असते.

लोकांनी एकदम ओढणं सोडल्याचं एक मोठं उदाहरण इराणचं आहे. तिथल्या शहाने १८९० मध्ये तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा शिराझींच्या नावाचा फतवा निघाला आणि हुक्के थंडावले, अगदी शहाच्या जनानखान्यातसुद्धा. मक्ता रद्द झाला, फतवा मागे घेतला गेला आणि हुक्के पुन्हा पेटले.

हे वाचताना मला आमच्या घरातला रमजान आठवला. अब्बा सहेरीपासून इफ्तारपर्यंत एकही सिगारेट ओढत नसत, आणि खजूर तोंडात टाकल्यावर दहा मिनिटांत खाली उतरत. तेरा-चौदा तास राहता येतं, मग पुढचे दहा तास का नाही, असं अम्मी दर वर्षी विचारायची. तेव्हा ते मला अब्बांच्या मनाचं दुबळेपण वाटायचं. आता वाटतं की त्या तेरा तासांत सोबतचा प्रत्येक माणूस थांबलेला असायचा आणि आमच्या मोहल्ल्यातली टपरी पडद्याआड असायची. मगरिबनंतर पडदा उघडायचा.

हृदयाचा झटका आल्यावर त्यांनी सिगारेट सोडली, ती दोनदा सुटून पुन्हा लागली. तिसऱ्यांदा त्यांनी स्टेशनला जायचा रस्ताच बदलला. दहा मिनिटं जास्त चालावं लागायचं. टपऱ्या त्या रस्त्यावरही होत्या, पण तिथे त्यांची वही नव्हती.

२०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं होतं की तंबाखू विकायला स्थानिक संस्थेचा परवाना लागावा आणि त्या दुकानात बिस्किटं, चॉकलेट, वेफर्स विकू देऊ नयेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आज जी टपरी आहे तिच्या पुढच्या बाजूला वेफर्सच्या माळा लटकतात, मागे सिगारेटी. शाळा सुटली की पहिली गर्दी माळांपुढे होते.