खोटी बातमी : ओळख आणि पडताळणी

खोटी बातमी : बातमीच्या रूपात पसरणारा, पण वस्तुस्थितीला धरून नसलेला मजकूर, छायाचित्र, चित्रफीत किंवा ध्वनिफीत. ती रचणाऱ्याचा हेतू पैसा, राजकीय लाभ, एखाद्या समाजाविषयीचा द्वेष किंवा नुसती खळबळ माजवणे असा काहीही असू शकतो. ती पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना मात्र आपल्या माणसांना सावध करायचे असते. म्हणून खोटी बातमी ओळखणे हे पत्रकार आणि पोलिसांपुरते काम राहत नाही. हातात फोन असलेल्या प्रत्येकाला ते यावे लागते.

प्रकार. युरोप परिषदेसाठी २०१७ मध्ये तयार केलेल्या अहवालात क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान यांनी अशा माहितीचे तीन गट पाडले : नकळत पसरलेली चुकीची माहिती, जाणूनबुजून रचलेली खोटी माहिती आणि खरी असूनही कुणाला इजा करण्यासाठी वापरलेली माहिती. अत्याचार झालेल्या बालकाचे नाव किंवा घर उघड करणारा संदेश तिसऱ्या गटात येतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्यात (२०१२) त्यासाठी शिक्षा आहे.

घडत असलेल्या घटनेची बदलती बातमी या तिन्हींहून वेगळी असते. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सुरुवातीच्या बातम्यांत दोन हजार प्रवासी अडकल्याचे म्हटले गेले, पुढे आकडा सातशेवर आला आणि सुटका पूर्ण झाल्यावर सुमारे १,०५० प्रवासी असल्याचे स्पष्ट झाले. पहिले आकडे चुकले, पण त्यामागे फसवणूक नव्हती. माहिती हाती येईल तसा आकडा दुरुस्त करणे ही प्रामाणिक बातमीची खूण आहे.

पसरण्याची कारणे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा मागोवा घेतला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. हे काम यंत्रांपेक्षा माणसेच अधिक करत होती, कारण खोट्या बातमीत नावीन्य आणि धक्का जास्त असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक गोष्ट घडते : संदेश मूळ कुणी लिहिला हे कळत नाही, दिसते ते काकांचे, शेजाऱ्याचे किंवा सोसायटीच्या गटाचे नाव. पाठवणाऱ्यावरचा विश्वास आपसूक संदेशाला चिकटतो. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांतून २०१८ मध्ये झालेल्या जमावहत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

महाराष्ट्रातील प्रसंग. अफवेला मोबाइल लागतोच असे नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता एका दिवसात देशभर पोहोचली. द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण हे त्यामागचे कारण शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची आवई उठली. त्या रात्रीच्या चेंगराचेंगरीत लहान मुलांसह किमान १५ जणांचा जीव गेला. २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी कंडी पिकली आणि राज्यातील कुक्कुटपालकांवर मातीमोल भावाने पक्षी विकण्याची वेळ आली.

सर्वांत भीषण घटना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे घडली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा संदेशांनी परिसर धास्तावलेला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ते मुले पळवणारे नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

२०१८ मध्ये देशभर फिरलेली एक चित्रफीत नीट पाहण्यासारखी आहे. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. मूळ फीत मात्र इथे संपत नव्हती. कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी ती बनवली होती. मूळ फितीत स्वार परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो असा इशारा लिहिलेला फलक धरतात. तो शेवट कापला गेला आणि बोधपट पुरावा म्हणून फिरू लागला. यात एकही दृश्य नव्याने बनवलेले नव्हते. खोटेपणा कात्रीत आणि सोबत जोडलेल्या मजकुरात होता.

बदलापूर, २०२४. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरमधील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे स्थानकात तासन्‌तास गाड्या रोखल्या आणि त्यानंतर शहरातील इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. याच काळात पीडित बालिकेविषयी खोटे संदेश समाजमाध्यमांवर फिरले आणि अफवा पसरवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी एका तरुणीला अटक केली. मूळ घटना खरी होती, लोकांचा संताप खरा होता; गुन्हा नोंदवण्यातील दिरंगाईवर मुंबई उच्च न्यायालयानेही ताशेरे ओढले. अशा वेळी जोडलेली एकेक खोटी गोष्ट पीडित कुटुंबाच्या यातनांत भर घालते आणि न्यायाची मागणी दुबळी करते. अधिकृत माहिती उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, तेव्हा तिची जागा अफवा घेते, हाही या प्रसंगाचा धडा आहे.

ओळखण्याच्या खुणा. संदेशात तारीख, नेमके ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव नसणे. ‘आत्ताच’, ‘कालच’ असे कधीही लागू पडणारे शब्द. ‘माध्यमे हे दाखवणार नाहीत’ असा दावा. नामांकित डॉक्टर, जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने सही-शिक्क्याविना आलेली सूचना. ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ हा आग्रह. एकच खूण दिसली म्हणून बातमी खोटी ठरत नाही, पण तिथे थांबून शहानिशा करणे आवश्यक ठरते. वाचताक्षणी संताप किंवा भीती दाटून येणे ही स्वतःकडे पाहण्याची खूण होय.

पडताळणी. पहिला नियम : संदेशातच उत्तर शोधत बसू नये, बाहेर पडून इतरत्र पाहावे. तीच बातमी दोन-तीन स्वतंत्र वृत्तपत्रांनी दिली आहे का, हे शोधावे. छायाचित्र उलट-शोधाला लावले, म्हणजे शब्दांऐवजी तेच छायाचित्र शोधयंत्रात टाकले, की ते पूर्वी कुठे व केव्हा छापले गेले ते बहुधा कळते. चित्रफितीतील एखादे स्थिर दृश्य टिपून तेच करता येते. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, बोलीभाषा यांवरून ठिकाणाचा अंदाज येतो. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांसारख्या संस्था मराठीतून पडताळणी प्रसिद्ध करतात. केंद्र सरकारविषयीच्या दाव्यांसाठी पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग आहे. मात्र तो सरकारी बाजू सांगतो, हे ध्यानात ठेवावे.

स्थानिक बाबतीत पडताळणी अधिक सोपी असते. बदलापूर पश्चिमेच्या कडेने उल्हास नदी वाहते आणि जोराच्या पावसात मांजर्ली, हेंद्रेपाडा भागातील रहिवासी पाण्याच्या बातमीकडे कान लावून असतात. अशा रात्री ‘नदीने धोक्याची पातळी ओलांडली’ असा संदेश आला, तर त्यात दोन गोष्टी शोधाव्यात : आकडा आणि वेळ. बदलापूर येथे उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते. जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात पातळी आणि ती मोजल्याची वेळ दोन्ही असतात. ऐकीव संदेशात बहुधा एकही नसते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून खात्री करता येते. खात्री होईपर्यंत स्वतः सावध राहण्यास, सामान वर उचलण्यास हरकत नाही. संदेश पुढे पाठवण्याची घाई मात्र करू नये.

कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार लोकांत भीती किंवा समाजासमाजांत तेढ निर्माण करणारी खोटी माहिती पसरवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. सद्‌भावनेने आणि ती खरी मानण्यास वाजवी कारण असताना दिलेल्या माहितीला त्यात अपवाद आहे. आपत्तीविषयी खोटा इशारा देणाऱ्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील कलम ५४ खाली शिक्षा होऊ शकते. दुसरीकडे, सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे केंद्राच्याच विभागाने ठरवावे, ही २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. खोट्याला आळा घालताना टीकेचा आवाज दाबला जाऊ नये, हे भान लोकशाहीत आवश्यक आहे.

नागरिक आणि प्रशासन. कायद्याची कारवाई इजा झाल्यानंतर सुरू होते. राईनपाड्यातील पाच जणांना निकालाचा काही उपयोग नव्हता. इजा टाळण्याचे दोनच मार्ग आहेत. प्रशासनाने, पोलिसांनी आणि शाळांनी खरी माहिती अफवेच्या आधी लोकांपर्यंत पोहोचवावी, अप्रिय असली तरी. नागरिकांनी खात्री नसलेला संदेश आपल्यापाशीच थांबवावा आणि चुकून पाठवला गेलाच, तर ज्या गटांत तो गेला त्या प्रत्येक गटात स्पष्ट शब्दांत दुरुस्ती पाठवावी.