शिळ्या फुलक्याचा माग

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला तुम्ही विठ्ठलवाडीला उतरता आणि पूर्वेला बाहेर पडता. डोक्यात एकच पदार्थ घोळतोय, आणि तो इथला नाही: चिलाकीलेस. मक्याच्या कालच्या टॉर्टियाचे त्रिकोणी तुकडे तळायचे, हिरव्या किंवा लाल साल्सात मिनिटभर परतायचे, वर चीज, आंबट साय, कांदा, हवं तर अंडं. मेक्सिकोत रविवारच्या उशिराच्या न्याहारीला, त्यातही आदल्या रात्री जरा जास्त झाली असेल तर, हाच पदार्थ हवा. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये तो कोण देणार? पण त्याचं सिंधी भावंड इथं घरोघरी आहे, म्हणून तुम्ही आलात. सेयल मानी: रात्रीचे उरलेले फुलके मोडून लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि टोमॅटोच्या वाटणात शिजवलेले.

लाल चक्कीच्या बाजूला गाडीवर दाल-पकवान दिसतं. ते मिळायला शोधावं लागत नाही. अख्खी राहिलेली चणाडाळ, वर चिंचेची आंबटगोड आणि हिरवी चटणी, बारीक कांदा, शेजारी ताटाएवढा कुरकुरीत पकवान. तुम्ही सेयल मानी विचारता. गाडीवाला हसतो. "वो तो घर की चीज है, दादा." पुढच्या हॉटेलात पावाचा प्रकार सुचवतात, सेयल डबल, तोही आज नाही. फुलक्याचा कुठंच नाही.

मग मागे चला.

जीन्सच्या पाट्या उतरतात, इमारतींचे मजले एकेक करून खाली येतात, वालधुनी नदीच्या पाण्याचा रंग निवळतो. १९४८. समोर लांबच लांब बराकी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेली ही कल्याणची छावणी आता सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी भरली आहे. जानेवारीत कराचीत दंगल झाली आणि बोटींची गर्दी वाढली. लोक मुंबईच्या गोदीत उतरले आणि तिथून इथं आणले गेले. आकडा लाखाच्या घरात जाईल. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे भिंत म्हणून चादर नाहीतर गोणपाट. चादरीपलीकडचं खोकणं ऐकू येतं, फोडणीही ऐकू येते.

एक बाई चुलीशी बसलेली आहे. पीठ रेशनचं, मोजून मिळालेलं, त्यामुळे कालचा फुलका टाकायचा प्रश्नच नाही. लसूण ठेचते, तेल थेंबभर, मिरची, टोमॅटो, हळद, धणेपूड, मूठभर कोथिंबीर, पाणी. उकळी आली की तुकडे आत, वर झाकण. तुम्ही वाटी पुढे करता आणि ती संकोचते. पाहुण्याला शिळं कसं द्यायचं? थांबा, कोकी लाटते, म्हणते. ताजी, कांदा घातलेली, दोनदा भाजलेली जाड कोकी. तुम्हाला तीच खावी लागते, आणि ती उत्तम असते, पण तुम्ही त्यासाठी आला नव्हतात.

गंमत अशी, की सिंधी माणसाला शिळ्याचं वावडं मुळीच नाही. श्रावण वद्य सप्तमीला थदडी येते. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न देवीला दाखवून सगळे खातात. शिळं देवीला चालतं, घरच्यांना चालतं. अडतं ते पाहुण्यापाशी, आणि गिऱ्हाईक म्हणजे शेवटी पैसे देणारा पाहुणाच.

बराकीतले पुरुष सकाळीच लोकल पकडून गेलेत. गाडीत गोळ्या-बिस्किटं विकतात, बायका पापड लाटतात. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी येऊन वसाहतीची कोनशिला बसवतील आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळेल. तोवर जे टिकतं, जे पिशवीत घालून नेता येतं, त्याचाच धंदा होणार. पकवान त्यात बसतो: मैदा, जिरं, टोचे मारलेली पुरी, मंद आचेवर तळली की दिवसेंदिवस कुरकुरीत. सेयल मानीचा दहा मिनिटांत लगदा होतो.

अजून मागे. १९३२, सिंध. सक्करचा बंधारा नुकताच सुरू झालाय, कालव्यांचं पाणी गव्हापर्यंत पोचतंय. अंगण मोठं, तूप सढळ, पदार्थ तोच. इथं फार रेंगाळू नका.

आणखी मागे गेलात की वाटीतून जिन्नस गळू लागतात. आधी टोमॅटो जातो. आपल्या स्वयंपाकात तो उशिराच रुळला. मग १५०० च्या आसपास मिरचीही नाही, कारण पोर्तुगीजांनी ती अजून आणलेलीच नाही. तिखटाला मिरी आणि आलं, आंबटाला दही.

गळालेल्या दोन्ही गोष्टी शोधायच्या तर समुद्रापार, १५१९ सालच्या मेक्सिकोत, त्लातेलोल्कोच्या बाजारात उतरावं लागेल. स्पेनहून आलेला कोर्तेस आणि त्याची माणसं अजून डोळे विस्फारून बघताहेत. बायका टोमॅटो-मिरचीच्या चटण्या विकायला बसल्या आहेत. साहागून नावाचा पाद्री पुढे त्यांची नोंद करील. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटलेला, मातीच्या तव्यावर टॉर्टिया. पण इथंही काहीतरी उणं आहे. कोथिंबीर नाही, लसूण नाही, आपला कांदा नाही, ते सगळं स्पॅनिश जहाजांतून यायचंय. डुकरं आली नाहीत, म्हणजे चरबी नाही, म्हणजे तळणही नाही. आज ज्याला आपण अस्सल जुनं मेक्सिकन म्हणतो, त्या हिरव्या साल्सातला अर्धा वास परदेशी आहे. तसाच सेयल मानीतला अर्धा झणका.

आता पुढे या. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एन्कार्नासियोन पिनेदो या बाईंनी स्पॅनिशमधून पाककृतींचं पुस्तक छापलं, त्यात चिलाकीलेस आहेत. घरातला पदार्थ कागदावर आला, पुढे हॉटेलच्या मेन्यूवर. माझ्या मते ही सारी करामत तळणीची. तळलेला तुकडा शिळा वाटत नाही, उलट मुद्दाम केल्यासारखा दिसतो, आणि वाढपी ऐटीत विचारू शकतो: हिरवा की लाल? कॅम्प ४ मध्ये कढई पकवानाच्या वाट्याला आली, फुलका घरातच राहिला.

तेव्हा हॉटेलं धुंडाळणं सोडा आणि शनिवारी रात्री चार फुलके जास्त लाटा, जरा जाडसर. उघडेच ठेवा, सकाळपर्यंत कडक होऊ द्यात. ताज्या फुलक्याची खीर होते. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परता, पाणी बेताचं घाला, तुकडे टाकल्यावर डाव फिरवू नका, भांडंच हलवा. आणि कोणी पाहुणा आला असेल तर त्याला न विचारता वाढा.