उसातलं अरण्य

'जग्वार' हे नाव आपल्याकडे बहुतेकांना मोटारीमुळे ठाऊक झालं. टाटांनी २००८ मध्ये ती कंपनी घेतली आणि नाव घरोघर पोचलं. खरा जग्वार मात्र दूर अॅमेझॉनच्या दमट अरण्यात राहतो. दिसायला तो आपल्या बिबट्याचा थोरला भाऊ. अंगावर तशीच फुलं, फक्त काही फुलांच्या आत आणखी ठिपके. तो एकटा राहतो, उत्तम पोहतो आणि मगरीच्या जातीच्या केमनची कवटीसुद्धा दातांनी फोडतो. त्याला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : दाट आडोसा, जवळ पाणी आणि पोटापुरती शिकार.

बारामती-इंदापूरच्या माणसाला हे सांगायचं कारण एवढंच, की या तिन्ही गोष्टी आपण आपल्या शिवारात स्वतःच्या हातानं तयार केल्या आहेत. जग्वारचं अरण्य तोडून तिकडे शेतं झाली. आपल्याकडे शेतातच अरण्य उभं राहिलं. त्याला आपण ऊस म्हणतो.

हा मुलूख मुळात माळाचा. सह्याद्रीला अडून ढग पुढे येईपर्यंत रिकामे होतात, वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. गवत, बोरी-बाभळी, हिवर आणि त्यातून फिरणारे धनगरांचे वाडे. इथलं खरं जनावर लांडगा. त्याच्या सोबतीला चिंकारा, खोकड, तरस. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे होते. उजाड झालेला मुलूख पुन्हा वसवताना लांडगे मारणाऱ्यांना इनाम दिल्याची हकिगत जुन्या इतिहासग्रंथांत येते. त्यात भीती आहे ती लांडग्याची. बिबट्या डोंगराकडचा, झाडीतला. उघड्या माळावर त्याला लपायला जागाच नव्हती.

मग पाणी आलं. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कालवा यांची कामं झाली. १९२८ मध्ये भाटघरला मोठं धरण पुरं झालं. १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथं सहकारी कारखाने निघाले. १९८० मध्ये उजनीचं धरण झालं आणि भीमेचा फुगवटा इंदापूरच्या शिवाराला भिडला. या पाण्यानं दुष्काळात गाव सोडणारी माणसं गावात राहिली, पोरं शाळेत गेली, घरांवर पत्र्याच्या जागी स्लॅब आले. त्या पाण्याला बोल लावायचा नाही. पण त्यानं जनावरांचाही नकाशा बदलला, एवढं लक्षात घ्यायला हवं.

आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. माणसापेक्षा उंच, आत सावली, चारीला पाणी, बाहेर वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? मादीची गर्भधारणा साधारण तीन महिन्यांची. दोन-तीन पिल्लं होतात आणि ती दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात. तोड सुरू झाली की उसाच्या सरीत पिल्लं सापडतात, ती याचमुळे. उसात जन्मलेल्या या पिल्लांनी डोंगर पाहिलेला नसतो. त्यांच्या लेखी ऊस हेच घर.

हे आधी घडलं जुन्नरकडे. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला, मागोमाग बिबटे आले. २००१ नंतर तिथं बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की जिथं ते सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात त्यांना १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा होता कुत्र्यांचा. बिबट्यांच्या संख्येचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढे बिबटे माणसांत राहत होते आणि बहुतेक रात्री कोणाला पत्ताही लागत नव्हता.

म्हणून भीती खोटी, असं कोणी म्हणू नये. उजनीपलीकडे करमाळा तालुक्यात माणसं मारणारा एक बिबट्या डिसेंबर २०२० मध्ये गोळी घालून मारावा लागला. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारा शेतकरी आणि फडाजवळच्या कोपीत झोपलेली ऊसतोड मजुरांची लेकरं, यांना आकडे सांगून धीर येत नाही. त्यांना दिवसा वीज हवी, बंदिस्त गोठा हवा, कोपीला नीट दार आणि उजेड हवा. बिबट्या ओणव्या किंवा बसलेल्या माणसाला लहान जनावर समजू शकतो, हे पोराबाळांपर्यंत पोचायला हवं. तो दिसला तर शंभर जणांनी काठ्या घेऊन घेरू नये. त्याला निघायला वाट ठेवावी. वस्तीजवळचा उकिरडा कमी झाला तर कुत्री कमी होतील, आणि कुत्र्यांमागून येणाराही.

आणि मूळचा धनी, तो लांडगा? त्याच्या वाट्याला उरलेला माळ थोडा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, ते चिंकाऱ्यासाठी, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे. बाकी माळाला आपण कागदावर 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की ते रान नांगरायला, खणायला, झाडं लावून भरून टाकायला मोकळं. तिथं कोणी राहत होतं, हे त्या एका शब्दात पुसलं जातं.

बिबट्या गावात शिरला, अशी बातमी आपण वाचतो. कालव्याचा सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास समोर ठेवला तर ती थोडी वेगळी लिहावी लागेल. त्याच्या राहण्याची सोय आपण पाण्याच्या पाळीनं, सरी-सरीनं केली. आता त्याला घालवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्याच्या सवयी शिकून घेणं आपल्या लेकरांच्या जिवासाठी अधिक गरजेचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)