लष्करी पेन्शनर आणि महाडचा संयम

माझ्या बालपणी आमच्या कोकणातील वाडीत ‘पेन्शनर’ हा शब्द एखाद्या पदवीसारखा उच्चारला जात असे. पलटणीतून परतलेले एक वृद्ध गृहस्थ सकाळीच दाढी करून, जुना कोट अंगात घालून ओटीवर बसत. कोणाचे पत्र वाचावयाचे असो, कोणाचा अर्ज लिहावयाचा असो, बांधाचा तंटा असो की भावाभावांतील कज्जा असो, माणसे त्यांच्याच ओटीवर येत. आवाज न चढविता ते दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवीत आणि संध्याकाळच्या आत तोड काढून देत. ज्याने प्रत्यक्ष युद्ध पाहिले आहे, त्याला मारामारीचे कौतुक उरत नाही, हे त्या वयात मला समजले नव्हते. पुढे आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविताना ते हळूहळू उमगले. आपल्या वाडवडिलांच्या इतिहासातील या पेन्शनर पिढ्यांचे ऋण किती मोठे आहे, ते मंडळाच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा होता. फौजेने त्यांना पगार व पेन्शन तर दिलेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षरओळख. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना ओलांडता येत नव्हता, त्या शिपायांना व त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळेत शिक्षण मिळे. महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक असलेले सुभेदार रामजी सकपाळ हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. सेवानिवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीस येऊन राहिले. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्तीच होती. कोकणातील त्या लहानशा गावी वाचणारी, लिहिणारी, कायदाकानू जाणणारी अस्पृश्य माणसे एकत्र नांदत होती, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे.

याच दापोलीत १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर येऊन राहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यता मानणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारले. वृत्तपत्रांतून लेख लिहावे, गावोगाव फिरून लोकांस समजवावे, सरकारकडे अर्ज धाडावे, हाच त्यांचा उर्वरित आयुष्याचा उद्योग झाला. बंदूक हाताळलेल्या मनुष्याने अन्यायाविरुद्ध लेखणी उचलावी, हा केवढा विलक्षण पालट म्हणावा!

पुढे लवकरच या वर्गावर मोठा आघात झाला. ‘लढाऊ जाती’ ठरविण्याच्या सरकारी धोरणामुळे १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या दाराने अन्न, अक्षर आणि अब्रू ही तिन्ही घरात आली, तेच दार लागले. यावर आपल्या पूर्वजांनी काय केले? दंगा केला नाही, अर्ज केले. वलंगकरांनी प्रयत्न केला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची निकड भासली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुन्हा एकदा रणभूमी पाहिलेली माणसे गावच्या वेशीबाहेर परतली. त्यांना पाणवठा मात्र अद्याप बंदच होता.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यावाचून महाडचा प्रसंग पुरता कळत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलने संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा उपस्थित मंडळींसाठी पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर आणि पाणी विकतचे!

वीस तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सर्व मंडळी शिस्तीने, रांगेने तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परत आली. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी कंडी पिकली. जमावाने मंडपावर हल्ला केला. कित्येक जण त्या वेळी जेवावयास बसलेले होते. परतीच्या वाटेवरील एकट्यादुकट्यांनाही गाठून मारण्यात आले. सुमारे वीस जणांना गंभीर दुखापती झाल्या. काही मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला म्हणून कित्येक वाचले.

आता त्या प्रसंगाचे मर्म पाहा. बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्यापाशी जमलेल्या माणसांत पहिल्या महायुद्धात लढलेले अनेक जण होते, हे त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे. आपल्या माणसांची डोकी फुटलेली ते डोळ्यांनी पाहत होते. संख्या त्यांच्याकडे होती, सवय त्यांच्याकडे होती. वाट होती ती केवळ एका शब्दाची. तो शब्द आला नाही. आपल्या लोकांस आवरण्याची जबाबदारी बाबासाहेबांनी घेतली आणि ‘हात उचलावयाचा नाही’ हाच हुकूम झाला. तो हुकूम पाळला गेला. मारण्याचा हुकूम पाळणे शिपायाला पलटण शिकविते. मार खाऊन स्वस्थ राहण्याचा हुकूम पाळणे पलटणीत कोणी शिकवीत नाही. ते बळ त्या माणसांनी स्वतःच्या मनातून काढले. त्या दिवशी महाडात रक्ताचे पाट वाहिले नाहीत, याचे श्रेय या अनाम पेन्शनरांना जितके द्यावे तितके थोडेच.

तथापि संयम म्हणजे माघार असे कोणी समजू नये. हल्लेखोरांवर खटला झाला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, तेव्हा डिसेंबरात दुसरी परिषद भरली. हजारो सत्याग्रही सिद्ध असतानाही कोर्टाच्या मनाईहुकुमाचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब ठेवला गेला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे लागली. पण जे मिळाले ते कायद्याने मिळाले, म्हणून कोणालाही हिरावून घेता आले नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे ही शांतता नव्हे, आणि डोके फोडणे हा न्याय नव्हे. या दोहोंमधली अवघड वाट आपल्या पेन्शनरांनी चालून दाखविली.

आता एक विनंती करून लेख पुरा करतो. वलंगकरांचे नाव इतिहासात राहिले, सुभेदार रामजींचे राहिले. परंतु त्या बंगल्यापाशी मुठी आवळून स्वस्थ उभे राहिलेल्यांची यादी कोठेही नाही. लढाईत पडलेल्यांची नावे दगडावर कोरतात. हात आवरणाऱ्यांची कोरीत नाहीत. तेव्हा आपापल्या घरच्या जुन्या ट्रंका उघडून पाहा. पणजोबांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, एखादे काळवंडलेले पदक, हस्तलिखित अर्जाची प्रत असे जे सापडेल, ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची नक्कल मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि घरातील वृद्धांना जे आठवते ते लिहून घ्यावे. माझ्या वाडीतील त्या गृहस्थांचा कागद मी मागावयास गेलो, तोवर घर पाडले गेले होते आणि ट्रंक भंगारात गेली होती. ही चुटपुट मला जन्मभर राहील. ती आपणापैकी कोणाच्याही वाट्यास येऊ नये, हीच इच्छा.