भंडारदऱ्याचा विरंगुळा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासाचे एखादे पान असावे, असे संपादिका भगिनींनी सुचविले, तेव्हा मी भंडारदरा हा विषय घेतला. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. सुटीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक माणसे फुरसतीच्या वेळी कोठे जातात, तेथे काय करतात आणि त्यांची ती फुरसत कोणाच्या कष्टांवर उभी असते, हाही इतिहासच होय. आपण स्त्रियांनी तर तो अगत्याने पाहावा.

भंडारदरा हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले लहानसे गाव. डोंगरांनी वेढलेले तेथील विस्तीर्ण पाणी पाहिले की हे सरोवर निसर्गानेच निर्माण केले असावे, असे वाटते. परंतु ते माणसाने केलेले आहे. प्रवरा नदीवरील दगडी धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास दिले गेले. धरणाची उंची सुमारे २७० फूट असून जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते.

एवढा खटाटोप हौशी पाहुण्यांसाठी खासच नव्हता. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे थोडे उतरले की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, अशी या जिल्ह्याची स्थिती. माथ्यावरचे पाणी अडवून ते ओझरच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे न्यावे, हा धरणाचा हेतू. त्या पाण्यावर ऊस पिकू लागला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०–५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. तेव्हा भंडारदऱ्याची करमणूक ही या शेतीच्या पाण्याची वरकड देणगी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पाहुण्यांना प्रिय असलेला ‘अंब्रेला’ धबधबा याची साक्ष देईल. धरणातून सोडलेले पाणी गोलसर खडकावरून पसरते आणि पांढरी छत्री उघडल्यासारखे दिसते. पाणी सोडणे बंद झाले की छत्री मिटलीच! खाली रंधा धबधब्यावर प्रवरेचा मोठा लोट दरीत झेपावतो. पावसाळ्यात त्याचे रूप रौद्र असते. जलाशयातून होडीने रतनवाडीस जाता येते. तेथील अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारकालीन मानतात. त्याचे कोरीव खांब आणि शेजारची पुष्करिणी पाहताना वेळ कसा जातो, ते कळत नाही. मागे उभा असलेला रतनगड हे प्रवरेचे उगमस्थान.

मेअखेरीस व जूनच्या आरंभी, पावसाच्या तोंडावर, या रानात काजव्यांनी झाडेच्या झाडे लखलखतात. हा कालावधी १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा वैभवकाळच म्हणावा. तो प्रकाश म्हणजे काजव्यांची जोडीदारास घातलेली साद असते. मोटारींच्या दिव्यांनी ती साद बुजते आणि बेफिकीर पायांखाली जमिनीवरचे काजवे चिरडले जातात. आपली मौज दुसऱ्याच्या संसाराच्या आड येऊ नये, एवढे भान पाहुण्याने ठेवावयास नको काय?

आता या परिसराच्या देवीविषयी. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत उंच. बारी गावातून चढण लागते. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. लोक सांगतात की, कळसू ही एक कोळ्याची मुलगी. तिला रानावनात भटकण्याची भारी आवड. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी ती कामास राहिली, ती एका अटीवर : भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला तीच दोन्ही कामे सांगण्यात आली. तिने ती केली, पण लागलीच डोंगर चढून गेली आणि उरलेले आयुष्य शिखरावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ आणि जेथे केर काढला तो काळदरा, अशी स्थळे आजही दाखवितात.

ही आख्यायिका आहे, तिला सनावळी नाही. तरीही मला ती मोलाची वाटते. आपल्या बहुतेक कथांत बाईची थोरवी तिने सोसलेल्या कष्टांवरून ठरते. येथे मात्र स्वतःच्या फुरसतीचा हक्क सांगणारी, शब्द मोडला जाताच निघून जाणारी मुलगी देवी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायाबापड्या तिला नवस बोलत आल्या. कष्टकऱ्यांच्या वस्तीतूनच ही कथा आली, हे विशेष.

आणि गंमत अशी की, कळसूचे बिनसले ते पाहुण्यांमुळेच! आज आपण भंडारदऱ्याचे पाहुणे. तेथे गरम भाकरी आणि पिठले आपल्या पुढ्यात येते, तेव्हा चुलीपाशी कोणीतरी भगिनीच बसलेली असते. ती कमाई तिच्या घराला हवीच आहे. म्हणून जाणे सोडू नये. परंतु ठरल्याहून अधिक काम तिच्यावर लादू नये, दामात घासाघीस करू नये, उष्टी पाने आणि प्लास्टिक तेथे टाकून येऊ नये. आपल्या मंडळाची सहल कधी त्या बाजूस निघाली, तर प्रत्येकीने आपापले ताट आपण धुवावे, अशी माझी सूचना आहे. कळसूबाईला याहून आवडता नैवेद्य कोणता असणार?