राबणारे आणि शिकणारे

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावी, नेवसे पाटलांच्या घरात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. घर पाटलाचे, तरी त्यांचे शिक्षण सुरू झाले ते १८४० मध्ये लग्न होऊन जोतीराव फुल्यांच्या घरी आल्यावर. तेव्हा मुलींचे शिक्षण केवळ ऐपतीअभावी अडले, हे उत्तर पुरे पडत नाही. समाजाने ज्यांच्या वाट्याला राबणे दिले, त्यांना विद्या कशाला, असा तो हिशेब होता.

हा हिशेब आपल्याच मातीतला नव्हे. प्राचीन अथेन्समध्ये शाळा खासगी असत आणि फी पालक भरत. नागरिकाचा मुलगा एकाकडे अक्षरे नि होमरचे काव्य, दुसऱ्याकडे तंतुवाद्य, तिसऱ्याकडे कुस्ती शिके; त्याला शाळेत नेणारा-आणणारा मात्र गुलाम. मुलगी सुखवस्तू घरातली असली तरी बहुधा सूत कातत, विणत घरातच वाढे. स्पार्टात शिक्षण राज्याच्या हाती होते आणि मुलींनाही व्यायाम शिकवत. पण तिथली शेती हेलट नावाचे दास कसत, म्हणून स्पार्टाच्या नागरिकाला सवड होती. प्लेटोने राज्यरक्षक स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण सुचवले, ते ग्रंथातच राहिले. ॲरिस्टॉटलने तर आदर्श नगरराज्य कारागिराला नागरिकत्व देणार नाही, असे तत्त्वच मांडले.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांनी मुंबईत त्याआधीच मुलींच्या शाळा चालवल्या होत्या, मग यात नवे काय, असे कोणी विचारील. नवे हे, की ज्यांना विद्या नाकारली त्यांच्यातलीच एक स्त्री आता शिकवू लागली. पुढे १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मुळावरच बोट ठेवले: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यातून होणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी या निदानातूनच आली.

जोतीरावांच्या सत्यशोधक विचारांनी प्रेरित झालेल्या भाऊराव पाटलांनी त्याच सातारा जिल्ह्यात पुढची पायरी गाठली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह आले, आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजले. यावर ॲरिस्टॉटलच्या बाजूने एक आक्षेप उरतोच: दिवसभर दमलेले मूल काय शिकणार? आक्षेप खोटा नाही. शिकण्याला सवड लागतेच, आणि गरीब मुलाने मात्र कष्ट करूनच शिकावे, असा नियम केला तर तोही अन्यायच. पण हेलटाचे कष्ट दुसऱ्याच्या सवडीसाठी होते, वसतिगृहातल्या मुलाचे त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी. म्हणून कोणतीही शिक्षणव्यवस्था पारखताना अभ्यासक्रमाआधी एवढे पाहावे: तिचा भार कोण वाहतो, आणि वाहणाऱ्याच्या मुलामुलींना तिथे जागा आहे का.