नव्व्याण्णवाला एक

आमच्या पिशोरला हरिनाम सप्ताह असो की संदल, लहानपणी रात्रीचा उजेड गॅसबत्तीचाच. बत्ती भाड्याची, पेटवायचा मान आमच्या चाचांचा. नवी जाळी ते दोऱ्याने बांधत आणि पेटवून देत. कापड जळून जाई, पण जाळीचा आकार पांढऱ्या राखेत तसाच लोंबत राही. मग रॉकेलच्या टाकीला पंप मारला की ती राखच लखलखू लागे. राख उजेड कशी देते, हे कोडे मला तेव्हापासूनचे.

उत्तर पुढे वाचनात सापडले. व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांनी धातूंच्या क्षारांत कापड भिजवून अशी जाळी केली आणि १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण उजेड हिरवट पडे. १८९१ मध्ये त्यांना नेमके प्रमाण गवसले : थोरियमचे ऑक्साइड ९९ भाग आणि सेरियमचे १ भाग. नुसते थोरियम ज्योतीत मंदच उजळते. तो एक भाग मिसळला की रात्र हटते!

आपल्याकडे थोरियम केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मिळते. जाळ्यांसाठी लागणारे थोरियम नायट्रेट तयार करणारा कारखाना १९५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला सुरू झाला. थोरियम किरणोत्सारी असते. मोडलेल्या जाळीची राख चाचा फुंकरीने उडवत. ती श्वासात जाऊ नये, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आता बऱ्याच जाळ्यांत थोरियमऐवजी यिट्रियम असते. प्रयोगशाळेत तर कापडाचीही गरज उरलेली नाही. धातूंचे क्षार जळणाऱ्या द्रवात विरघळवून त्याचा बारीक फवारा ज्योतीत सोडतात. थेंब क्षणात जळतो. मागे उरतो तो ऑक्साइडचा कण, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढासुद्धा. झुरिचमध्ये सोतिरिस प्रात्सिनिस यांनी या पद्धतीवर मोठे काम केले. यिट्रियममध्ये थोडेसे युरोपियम घालून केलेले असे कण अतिनील किरणांत तांबडे उजळतात, तेही न तापता. जुन्या रंगीत टीव्हीच्या काचेवरचा तांबडा रंगही याच जोडीचा. तिथेही उजेड देणारे ते थोडेसे युरोपियमच.

चाचा गेले, बत्ती माळ्यावर गेली. माझ्या मराठी कवितेत घरचा एखादा दखनी शब्द आला की कुणीतरी विचारते, हा कशाला? मला मग चाचांची बत्ती आठवते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)